अंगणातली इंग्रजी

मासिंगा, ९ मार्च १९९७

ती. ओलिंडाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आणि साबणाच्या वड्या बसवाल्याकडून मिळाल्या. मी बरी आहे. काळे कपडे आता टोचत नाहीत, एवढंच सांगता येईल. सासूबाईंचं मात्र ठीक नाही. जेरेमियास यांची शवपेटी खाणीवरून आली तेव्हापासून त्या दोन घास खातात आणि ताट सरकवतात.

मी इंग्रजी शिकते आहे. दुखवट्यात बाहेर पडायचं ते फक्त चर्चला, आणि वर्ग भरतो चर्चच्याच आवारात, काजूच्या झाडाखाली, म्हणून चालून गेलं. समुद्रकाठच्या हॉटेलात जूनमध्ये बायका कामाला घेणार आहेत. सुट्टीला येणाऱ्या गोऱ्या लोकांशी चार वाक्यं बोलता आली तर मला घेतील.

सध्या अपूर्ण वर्तमानकाळ चालू आहे. मुचांगा मास्तरांनी सांगितलंय, जे काम कराल ते करता करता मोठ्यानं बोलून दाखवत जा. म्हणून सकाळी झाडताना मी म्हणते, आय ॲम स्वीपिंग. मग चूल पेटवतेय, नारळ खवतेय, पाणी ओततेय. अंगणात धुकं असतं. माझाच आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटतो. दिवसभर कुणाशी बोलायचं नसतं, त्यामुळे तेवढं बरं वाटतं.

काल सासूबाई दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या. मी वळले तेव्हा डोळे पुसत आत गेल्या.

मुलांना पापे. माझी आठवण राहू दे.
तुझी डेल्फिना

मापुटो, २० मार्च

चि. डेल्फिना हिस अ. उ. आ.

लहानपणी मास्तरांनी छड्या मारल्या तरी तोंड उघडायची नाहीस, आणि आता झाडूशी इंग्रजीत बोलतेस! तुझे भाचे हसून लोळले. मोठा म्हणतो, मावशीला सांग, झाडूनं उत्तर दिलं तर कळव.

पण बाई, माझं हसू टिकलं नाही. तू शहरात नाहीस. आपल्याकडे काळ्या कपड्यातली बाई एकटीच परक्या भाषेत बोलायला लागली, तर ती अभ्यास करतेय असं कुणाच्या मनात येईल का? रोझालिना आत्या आठव. एकाएकी झुलू भाषा बोलायला लागली आणि अंगात आत्मा आलाय म्हणून सगळ्यांनी मान्य केलं. तिला अंगणात झोपडी बांधून दिली, मान दिला, आणि मग मरेपर्यंत तिला अंगणाबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. तुझ्या सासूबाईंनी वैदूला बोलवायच्या आत खरं काय ते सांगून टाक.

जेवत जा. रागावले असं समजू नकोस.
तुझी ताई

मासिंगा, ६ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तेच झालं. जेरेमियास जोहान्सबर्गहून सुट्टीवर आले की खाणीतल्या मित्रांशी इंग्रजीत बोलायचे, झोपेतसुद्धा. सासूबाईंना त्यातलं कधी काही कळलं नाही. आता त्यांना वाटतं, ते माझ्या तोंडून बोलतात. मी झाडायला लागले की त्या चटई टाकून जवळ बसतात. शेळी व्यायली, छपराला नवं गवत घातलं, असं हळूच सांगतात. मला नाही, त्यांना.

दीर आर्मिन्दो यांनी झोपडीसाठी वासे आणलेत. वैदू पुढच्या रविवारी येणार. एकदा त्यानं मान डोलावली की हॉटेल संपलं, मास्तर संपले.

आणि तरी मला खरं सांगवत नाही. ताई, त्या जेवायला लागल्यात. काल मतापाची पालेभाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली. मी खरं सांगितलं तर त्यांचा मुलगा त्यांच्याकडून पुन्हा काढून घेतल्यासारखं होईल. कधी कधी धुक्यात बोलताना मलाही वाटतं, कोण जाणे.

काय करू ते लिही. उत्तर वेळेवर पोचणार नाही, हे कळतं मला.
डेल्फिना

मासिंगा, १४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. शनिवारी आम्ही दोघी उखळात कसाव्याची पानं कुटत होतो. मी मुसळ खाली ठेवलं आणि म्हटलं, आई, ते बोलत नाहीत, मीच बोलते, हा माझा धडा आहे. त्या कुटत राहिल्या. मग त्यांनी विचारलं की इतके दिवस मी बोलत काय होते. मी एकेक सांगितलं. झाडतेय. चूल पेटवतेय. पाणी ओततेय.

त्यांनी मुसळ उखळाला टेकवून ठेवलं. मग म्हणाल्या, “म्हणजे इतके दिवस तू झाडतच होतीस.”

संध्याकाळी जेवल्या नाहीत. मी रडले, पण ते राहू दे.

रविवारी सकाळी त्यांनी आर्मिन्दोंना उठवून सांगितलं, वैदूला वाटेतूनच परत पाठव, आणि त्या वाशांचा शेळ्यांना गोठा कर. आर्मिन्दो कुरकुरले, की गावाला काय सांगायचं. त्यावर त्या म्हणाल्या, वहिनी शाळेत जाते असं सांग, लाज वाटत असेल तर हळू सांग.

मी न बोलताच झाडू हातात घेतला. त्या चटई घेऊन आल्या आणि रोजच्या जागी बसल्या. म्हणाल्या, “जूनमध्ये जायचं तर जा. पण तोवर गप्प झाडू नकोस. तो नसेल तर नसो. तो जिथे राहिला तिथली बोली आहे ती. मी कधी ऐकलीच नाही नीट.”

मग मी सगळं अंगण झाडलं, सावकाश, स्वच्छ होतं तेसुद्धा, आणि बोलत राहिले.

तुझा लोभ आहेच, तो असू दे.
तुझी डेल्फिना