नापास होण्याची तयारी

३ मार्च
लेक येऊन गेली. दार उघडायला जरा वेळ लागला, तर म्हणाली, आई, मी आता पोलिसांना फोन करणार होते. हिला धीर कधीच नव्हता. जन्मालासुद्धा आठव्या महिन्यात आली.
मुद्दा असा की मी एकटी राहू शकत नाही, असं तिचं मत. माझं विचारलं नाही. वृद्ध-निवासात खोली बघून ठेवली आहे, बागेकडे तोंड असलेली. बाग म्हणजे दोन बाक आणि एक बंद कारंजं. शेवटी तडजोड झाली. सरकारच्या गृहसाहाय्य योजनेतून मदतनीस मंजूर झाली तर मी माझ्या घरी. नाही झाली तर मेपासून कारंजं.

४ मार्च
योजनेची पुस्तिका वाचली. पहिल्याच पानावर शुद्धलेखनाच्या दोन चुका. सारांश: म्हातारी माणसं निवासात ठेवली तर सरकारला महाग पडतात, आपापल्या घरी ठेवली तर स्वस्त. याला 'सन्माननीय वार्धक्य' म्हटलं आहे. तपासणीस घरी येऊन शंभर गुणांची चाचणी घेणार. चाळिसाच्या आत गुण पडले तरच मदत.
म्हणजे नापास व्हायचं. सगळा जन्म मुलांना नापास करण्यात गेला. एकदा स्वतः होणं काय जड आहे?

६ मार्च
शेजारणीला (मनात मी तिला हुंदकेबाई म्हणते) योजनेतून आठवड्याला आठ तास मिळतात. सल्ला घ्यायला गेले. म्हणाली, अहो बाई, सोपं आहे, काहीही विचारलं तरी म्हणायचं, नाही हो जमत, आणि जमिनीकडे बघायचं. करून दाखवलं. मलाच तिला धरून बसवावंसं वाटलं.
चहा पाणचट.

९ मार्च
आरशासमोर सराव. नाही जमत. नाही हो जमत. आवाज खणखणीत येतो, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. उद्या पुन्हा.
झोपणं सध्या खालीच, सोफ्यावर. वरच्या खोलीत हवा कोंदट असते. आंघोळ बेसिनपाशी उरकते. टबात फार पाणी वाया जातं. सगळ्यांनीच हा विचार करायला हवा.

१४ मार्च
सराव झाला नाही. विसरले. शुभलक्षण मानायला हरकत नाही.

१८ मार्च, दुपार
चाचणी झाली. तपासणीस लेकीहून लहान, पेन चावणारी. माझी तयारी उत्तम होती. पण तिने पहिलाच प्रश्न असा विचारला की आजी, तुम्हाला जेवण बनवायला जमतं का? मी म्हटलं, जेवण जेवतात, स्वयंपाक करतात. स्वयंपाक करता येतो का, असं विचार. आणि हो, येतो.
तिथून जी गाडी सुटली ती थांबेचना. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. ती शहाऐंशीलाच पुरे म्हणत होती, मी दोनपर्यंत नेलं. घड्याळ काढायला सांगितलं. सेकंदकाट्यासकट काढलं. हात न टेकता खुर्चीतून उठता का? उठले. (नंतर बराच वेळ बसून होते, पण तोवर ती गेली होती.) टबात आंघोळ करता का, यावर मी पाणीबचतीबद्दल बोलले. तिने 'हो'वर खूण केली.
जाताना म्हणाली, आजी, तुमच्या वयात मी अशी असले तर आणखी काय हवं.
मुलगी तशी हुशार आहे.

२९ मार्च
निकाल लागला. ब्याण्णव. विभागात पहिली असण्याची शक्यता आहे. लेकीला फोन केला. तिने आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाली, आई, तुला पहिला नंबर काढायला कुणी सांगितलं होतं?
आठ गुण कुठे गेले ते कळलं नाही. विचारणा करणार.

३० मार्च
विचारणा नको, फेरतपासणी, असं लेकीचं फर्मान. अर्ज तिनेच टाकला. दुसरीकडे निवासवाल्यांशी पडद्यांच्या रंगावर बोलणी चालू आहेत. मला विचारलं, फिकट हिरवा चालेल का. फोन ठेवला.

१० एप्रिल
हुंदकेबाईकडे शिकवणी. विषय: लंगडणं. मध्येच म्हणाली, बाई, राग मानू नका, पण हे तुमच्या अंगातच नाही. मानला.

१७ एप्रिल
फेरतपासणी. या खेपेला पुरुष, जाडा, मितभाषी. लंगडत दार उघडलं. खोलीत पोचेपर्यंत पाय बदलला होता. हे मला नंतर कळलं, त्याला आधीच. त्याने आजची तारीख विचारली. नाही हो जमत, म्हटलं. तो म्हणाला, बाई, तारीख नुसती सांगायची असते. मी जमिनीकडे बघितलं. त्यानेही बघितलं.
मग म्हणाला, राहू द्या, आंघोळीची जागा दाखवा.
दाखवली. टबाची कड जेमतेम गुडघ्याएवढी. म्हणाला, आत जाऊन दाखवा. मी त्याला नळाबद्दल सांगितलं. मग फरशांबद्दल, ह्यांनी त्या किती दुकानं पालथी घालून निवडल्या ते. तो थांबून राहिला. मी पाय उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला. टबातला साबण वाळून दगड झाला होता, त्याकडे तो बघत होता. शेवटी त्याने हात पुढे केला. मी धरला, कारण भूमिकेत शिरायचं तर पूर्ण शिरावं.
अभिनय साधला तो इथे. हुंदकेबाईला सांगायला हवं.

२६ एप्रिल
एकतीस. आयुष्यात पहिल्यांदा नापास, आणि तेही ठरवून. आठवड्याला सहा तास मदतनीस, शिवाय टबापाशी धरायला दांडा. लेक फोनवर रडली. निवासातली खोली सोडली म्हणाली. सरकारला फसवणं इतकं सोपं असेल तर देशाचं कठीण आहे.

४ मे
मदतनीस आली. पन्नाशीची, दणकट. तिला आल्याआल्याच सांगितलं की मला तशी गरज नाही, केवळ योजना टिकावी म्हणून मी सहकार्य करते आहे. ती म्हणाली, बरं, पाणी कोमट आहे का तेवढं बघा. पाठ घासली, केस धुतले. पाणी थंड होईपर्यंत बसू दे म्हटलं, तर बसू दिलं.
कपडे-बिपडे झाले, ती निघाली, तशी लगेच पुन्हा टबाशी गेले. दांडा आहे. मंजुरी हातात आहे. बघायला कुणी नाही. एक पाय आत गेला. दुसरा बाहेरच राहिला. पहिलाही मग परत येईना.
खिडकीतून ती फाटकापाशी दिसत होती. हाक मारली. पहिली नीट उमटली नाही. दुसरी उमटली.
आली. काय झालं ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.