ऊबदार गज

५ मार्च
पोहोचलो एकदाचा. दोन पेट्या, एक वळकटी आणि अवजारांची पिशवी घेऊन बारकीच्या दारात उभा राहिलो, तर ही बाई मला म्हणते कशी, नळ दुरुस्त करायला आलात का, मग मागच्या दाराने या. साठी उलटली तरी थट्टेची खोड गेलेली नाही. बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. गेल्या वर्षी मेव्हणे गेले, आणि पाठोपाठ तिचं हृदय निम्म्याच ताकदीने चालतंय असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून माझा जीव टांगणीला होता. मी पडलो एकटा, हातपाय धड असलेला, कामधंदा सोडलेला. म्हटलं, चला, दोन म्हातारी एका छपराखाली कुरकुरू.

घर लहान, पण बघत राहावं असं. मेव्हणे लोहारकाम करायचे. फाटकं, जिने, खिडक्यांचे गज. स्वतःच्या घरात तर सगळी हौस भागवून घेतलीय. एका खिडकीला वेल, एकीला मासे, आणि बारकीच्या खोलीला साधे उभे गज, कारण मला बाहेरचं नीट दिसलं पाहिजे असा तिने हट्ट धरला होता. कठडा, कड्या, कपड्यांचे हूक, सगळं त्यांच्या हातचं. जन्म पाइप जोडण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला असं काम बघून पोट भरतं.

तिचे पाय मात्र सुजलेत. दारापासून खुर्चीपर्यंत येताना मध्येच थांबली आणि उगाच पडद्याची चुणी सरळ केली. मला कळू नये म्हणून.

१२ मार्च
रुळलो. सकाळी तिच्या गोळ्या काढून देतो, पाणी मोजून देतो, मिठाची बरणी लपवून ठेवतो. तिला ती सापडते. मग आमचं भांडण होतं आणि दोघांनाही बरं वाटतं.

आज हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी म्हटलं, बाई, पायाची सूज उतरली, दम थोडा कमी झाला, पण थकवा काही हटत नाही. वेणी घालताना हात गळून खाली येतात. दिवसभर बर्फाचे खडे चघळत बसते. बारकी म्हणाली, दादाला चुगल्या करायची लहानपणापासून सवय आहे. बाईंनी रक्त तपासायला सांगितलं.

१९ मार्च
लोह कमी निघालं. बाईंनी छान समजावलं. हृदय कमजोर झालेल्या पुष्कळांना हे होतं म्हणाल्या, आणि घरचे, कधी कधी डॉक्टरसुद्धा, सगळं खापर हृदयावर फोडून मोकळे होतात. रक्त वरवर ठीक दिसतं, पण लोहाची कोठी रिकामी. हातापायांनाच काय, खुद्द हृदयाच्या स्नायूलाही ते लागतं. गोळ्या अशा माणसांना फारशा लागू पडत नाहीत, शिरेतूनच द्यायला हवं.

बारकी म्हणाली, अहो बाई, घरात हात लावावा तिथे लोखंड, आणि नेमकं माझ्यातच नाही होय? बाई हसल्या. मीही हसलो.

२० एप्रिल
मागच्या महिन्याअखेर सलाइन लावून लोह दिलं. कोऱ्या चहाच्या रंगाचं औषध, थेंब थेंब आत जात होतं. लगेच काही जादू झाली नाही, पण या आठवड्यात बहीण माझी परत आली. फाटकापर्यंत न थांबता गेली. शेजारणीशी कुंपणावरून तासभर बोलली. माझ्या हातच्या सुपाला भांडी विसळलेलं पाणी म्हणाली, आणि स्वतः उभं राहून दुसरं केलं.

मी खुशीत गज रंगवायला काढले. घासायचा कागद घेतला, पण घासायचं काय? वर्षभर कोणी हात लावलेला नाही आणि गंजाचा ठिपका नाही. वेलीची पानं तर आत्ताच भट्टीतून निघाल्यासारखी चकाकतात. मेव्हण्यांनी लोखंडच नामी वापरलं असणार. डबा तसाच ठेवून दिला.

११ मे
पुन्हा उतरली. ओठ कागदासारखे. परत बर्फ.

तपासलं तर कोठी रिकामी. बाई बुचकळ्यात पडल्या. एवढं दिलेलं गेलं कुठे? कुठून तरी रक्त जात असेल म्हणून नळी घालून पोट बघितलं, आतडी बघितली. कुठेच काही नाही. बाई म्हणाल्या, गळती असणार, सापडत नाहीये.

गळती शोधणं हा माझा जन्माचा धंदा. मी तिच्यावर लक्ष ठेवायचं ठरवलं.

१६ मे
रोज जेवणानंतर ती आपल्या खोलीत खुर्ची ओढून खिडकीशी बसते. समोर मेव्हण्यांची बंद पडलेली शेड दिसते. मधल्या गजाभोवती उजवा तळहात लपेटते आणि डोळे मिटते. मी समजत होतो, आठवण काढत असेल. माणसाने अशा वेळी खाकरूसुद्धा नये.

आज ती उठल्यावर मी तो गज धरून पाहिला. ती बाजू सावलीची. बाकीचे गज गार होते. हा कोमट. तिच्या हाताची ऊब म्हणावी, तर मी चहा पिऊन परत आलो तरी तशीच होती.

१७ मे
भिंतीत पाइप गळत असेल तर आम्ही लांब पान्याचं एक टोक पाइपाला लावतो, दुसरं कानाला. आत पाणी वाहत असलं की समजतं. आज गजाला पाना लावला.

वाहतंय.

पाइप पोकळ असतो. गज भरीव आहे. भरीव गजातून काही वाहत नसतं. मी पाना पुसला, पुन्हा लावला. वाहतंय, आणि सरळ नाही, ठेचकाळत, एक ठोका सोडून. बारकीची नाडी मी रोज बघतो. ती अशीच चालते.

१९ मे
विचारलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत. मेव्हणे गेल्यावर पहिल्या महिन्यात घरातलं सगळं लोखंड बर्फासारखं गार पडलं होतं म्हणाली. एक दिवस रडताना गज धरला, तर तो हळूहळू ऊबदार झाला. त्यांना आत थंडी वाजते, दादा. मी धरलं की त्यांना बरं वाटतं.

मी म्हटलं, अगं वेडे, तुझं जातंय सगळं त्यात. म्हणाली, ठाऊक आहे. जन्मभर भट्टीपाशी भाजून त्यांनी मला खाऊ घातलं, आता माझी पाळी.

हे घर सोड म्हटलं. तिने ताट बाजूला सारलं. न्यायचं तर ने, पण मी तिथे चार दिवसही काढणार नाही. दूध उतू जातंय म्हणून सांगावं तितक्या शांतपणे म्हणाली. मग मीच रडलो.

२५ मे
चूक केली. ती पलीकडच्या खोलीत निजलेली बघून गजाला करवत लावली. नखभर खोल गेली असेल, तिकडे धप्प आवाज झाला. ती जमिनीवर, ओठ निळे, नाडी लागेना. इकडे गजाच्या खाचेतून लाल, कोमट—

करवत टाकली. तिला छातीशी धरून बसलो. हळूहळू श्वास आला. खाच आपोआप भरली. वर खपली धरली आहे.

चालू लाइनीवर करवत लावायची नाही, आधी मागचा कॉक बंद करायचा. हे मी येईल त्या पोराला शिकवत आलो. आणि कॉक तर तिच्या मनात आहे. तो ती बंद करणार नाही.

२९ मे
मग दुसरी जोडणी द्यायची. एका टाकीवर भार झेपत नसेल तर दुसरी जोडतात. यात न समजण्यासारखं काय आहे?

माझं हृदय चांगलं आहे. माझ्यात लोह भरपूर असणार. ती झोपली की मी गज धरतो. तिला सांगितलेलं नाही. ती गजाशी यायच्या आधीच तो कढत झालेला असतो. हात लावते, हसते. आज त्यांना माझी गरज नाही म्हणते, आणि उठते.

१२ जून
तिला पुन्हा सलाइन दिलं. या वेळी टिकतंय. बाई खूश आहेत. बारकी जिना चढली. वर जाऊन मला हाका मारल्या.

मला खालून उत्तर देता आलं नाही. दम लागला होता.

१८ जून
नखं मधून खोलगट झालीत. बर्फ बरा वाटतो. बारकीने बघितलं, आणि बर्फाची वाटी माझ्या हातातून काढून घेतली.

मेव्हण्यांना एका माणसाचं पुरत नाही. आधी कोमट, आता कढत, तरी ओढ थांबत नाही.

२१ जून
पायांवर सूज. हे माझे पाय?

बारकीला कळलं. खूप बोलली. तुला कोणी सांगितलं होतं, माझा नवरा, माझं मी बघेन. मी म्हटलं, तू माझी आहेस, माझं मी बघेन. ती नको म्हणत असतानाही तिला तिच्या लेकीकडे पाठवायचं मी ठरवलं. लेक उद्या न्यायला येणार. ती जाईपर्यंत टिकलो की झालं.

२२ जून
डाव्या हाताने लिहितोय. उजवा गजावर. सुटत नाही.

आतून धरलाय कोणीतरी. घट्ट नाही. मायेने धरावा तसा— म्हणूनच भीती वाटते. ओढून घ्यावासा वाटत नाही—

लेकीची गाडी आली. बारकीची पेटी दारात. जा म्हणतोय. मागे बघू नको म्हणतोय—

गेली नाही. पेटी ठेवली. इकडे येतेय. चालताना दम नाही लागत तिला आता, किती छान चालते—

शेजारी बसली. सरक म्हणतेय. नको गं बारके. सगळं परत जाईल, नको— ती माझ्या हातावरून बोटं पुढे नेतेय, गजाकडे, मला तिचा हात अडवता येत ना