साडेसहाची शिकवणी

प्रिय विजू,

तू फोन उचलत न्हाईस, म्हणून पत्र. संक्रांतीला धारूरला गेलीस ती अजून माहेरीच आहेस. जाताना एकच विचारलंस, मोंढा सहाला बंद होतो, मग तुम्ही नऊपर्यंत असता कुठं? मी नेहमीसारखं सांगितलं, मालाच्या गाड्या उशिरा आल्या. शेजारच्या केसरबाईंनी तुझ्या कानात पत्त्यांच्या अड्ड्याचं भरवलंय, ते मला ठाऊक आहे. अगं, मला धड रमीसुद्धा येत न्हाई.

मी शिकवणीला जातो. स्टँडमागं सिद्धाराम सर राहतात, रिटायर झालेले. त्यांच्या ओसरीवर आम्ही सहा जण बसतो, सगळे दिवसभर राबून आलेले. एक एसटीचा ड्रायव्हर, एक शिंपी, दवाखान्यातल्या मंजुळाबाई. इंग्रजी शिकतो. या वयात कावून, ते सांगतो, जरा दम धर.

दिवसभर काट्यावर तुरीचे कट्टे मोजायचे, सहाला हातपाय धुवायचे आणि साडेसहाला पुस्तक उघडायचं. डोळ्यांत धूळ, अंगाला खाज, त्यात ते पॅसिव्ह व्हॉइस. पहिल्याच आठवड्यात सरांनी मला उताऱ्यातली वाक्यं मोठ्यानं मोजायला सांगितली. मी सवयीनं सुरू केलं, लाभ, टू, थ्री. आम्ही मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत न्हाई, लाभ म्हणतो, हे त्या लोकांना काय माहीत. सगळी ओसरी हसली. सर म्हणाले, होईल लाभ, मोज पुढं. आता शब्दांची चिठ्ठी खिशात ठेवतो आणि दुसरी गाडी लागेपर्यंत पाठ करतो. मोंढ्यातले हमाल मला मास्तर म्हणून चिडवतात. लई दमतो, पण परवा अख्खा उतारा कुणाला न विचारता समजला. तुला सांगायला घाईघाईनं घरी आलो, तर दाराला कुलूप. तू न्हाईस हे विसरलोच होतो. त्या दिवशी जेवलो न्हाई.

आता खरं ते लिहितो. तुला बघायला आलो तेव्हा माझ्या अप्पांनी तुझ्या वडलांना सांगितलं, पोरगा बारावी पास आहे. मी इंग्रजीत नापास होतो, दोनदा. तू बी.ए. झालेली, तेही इंग्रजी घेऊन. मी मान खाली घालून पोहे खात बसलो. खोटं अप्पा बोलले, पण गप्प मी बसलो आणि तीन वर्षं गप्पच राहिलो. मोबाइलवर इंग्रजीत काही आलं की डोळे दुखतात म्हणून तुझ्याकडं सरकवायचो. तू कधी शंकासुद्धा घेतली न्हाईस, त्याचीच जास्त लाज वाटते.

पुढच्या महिन्यात बारावीचा इंग्रजीचा पेपर आहे. पास झालो की पेढे घेऊन यायचं आणि मग सगळं सांगायचं, असं ठरवलं होतं. पण पास झाल्यावर सांगायला काय लागतं? सांगायचं तर आज, नापास असताना. म्हणून लिहिलं. तुला राग येईल, यायलाच पाहिजे. हे वाचून तिथंच राहावंसं वाटलं तर मी कुणाला मध्यस्थीला धाडणार न्हाई. पण आलीस तर एक काम आहे. उतारा मला जमतो, निबंध काही केल्या जमत न्हाई. काल सरांनी विचारलं, घरात शिकवणारं कुणी आहे का? मी म्हणालो, आहे.

तुझाच,
तूर्तास बारावी नापास,
बिभीषण