टिकल्यांचं मतदान

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमच्याशी भांडायलाही भीती वाटत नाही. वीस मार्कांचं नागरिकशास्त्र तुम्ही शंभर मार्कांचं असल्यासारखं शिकवलंत आणि आम्हाला नसत्या फंदात पाडून गेलात. आम्ही हात वर करून ठरवलं, सहल खडकवासल्याला. तुम्ही फळा पुसता पुसता विचारता, "आज गैरहजर कोण कोण?" ते आल्याशिवाय काही ठरणार नाही म्हणता. मी तणतणते, "बाई, बहुमत झालंय!" "बस खाली. तुला बहुमत कळतं, वर्ग कळत नाही." अजून झोंबतं हो ते.

परवा रविवारी आमच्या वॉर्डात नवा प्रयोग झाला. पुढचं काम कुठलं करायचं, ते म्हणे नागरिकांनीच ठरवायचं. भिंतीवर दोन कागद: बागेत जॉगिंग ट्रॅक, नाहीतर मागच्या वस्तीतल्या संडासांना दारं आणि दिवे. हव्या त्या कागदावर प्रत्येकानं एक टिकली चिकटवायची. कोथरूडच्या सोसायट्यांमधली मंडळी अकराच्या ठोक्याला हजर. निवृत्त माणसांना कुठे मिरवायला मिळालं की बघायलाच नको. त्यात मीही आले, टिकल्या मोजायला. वस्तीतलं मात्र कुणी नाही. "त्यांना इंटरेस्टच नसतो हो," शेजारचे काका म्हणाले.

वस्तीतल्या बायका येणार कशा? रविवारी अकराला त्या सगळ्या आमच्याच स्वयंपाकघरांत आमची भांडी घासत होत्या. वेळ ठरवताना हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना तर मीच आदल्या दिवशी म्हटलं होतं, "भांडी झाली की टिकली लावायला या हं." त्यांची मुलगी अंधाराला घाबरते, म्हणून रोज रात्री त्या तिच्यासोबत संडासापर्यंत जाऊन त्या मोडक्या दाराला पाठ लावून उभ्या राहतात. मावशी धापा टाकत आल्या, तोवर कागद गुंडाळून झाले होते. "मावशी, टाइम संपला," संयोजक म्हणाला. मी उठून भांडायला हवं होतं. खुर्चीत बसूनच राहिले. कंटाळा आलाय हो, बाई. सभांचा, चहाचा, माझ्याच आवाजाचा.

हे पत्र टाकणार तरी कुठे? राहू दे इथंच. आज सकाळी मावशींनी विचारलं, "ताई, आमच्या दिव्याचं काय झालं ओ?" मी म्हटलं, "अजून मोजायचंय." मोजून झालं होतं, बाई. मीच मोजलं होतं.