घटक क्रमांक सात चालू करणेबाबत

प्रति,
मा. कार्मिक व्यवस्थापक,
कारखाना कार्यालय, धाटाव, ता. रोहा.

विषय : संगणकातील 'ऐच्छिक सण-रजा' हा बंद केलेला भाग २० सप्टेंबरपूर्वी चालू करणेबाबत.
संदर्भ : आपले जूनचे परिपत्रक, 'न वापरलेले घटक बंद करणे'.

महोदय,

मी टाइम ऑफिसात बावीस वर्षे हजेरी लिहितो. जानेवारीपासून हजेरी व रजा ब्राउझरवर आल्या. ही प्रणाली तयार भाग जोडून केलेली आहे. जे भाग तीन महिन्यांत कोणी उघडले नाहीत ते सुरक्षिततेसाठी बंद करावेत, असे आपण ठरवलेत. ठरवलेत ते बरोबरच. न लागणारे दार उघडे कशाला? यादीत नुसते क्रमांक होते, नावे नव्हती. 'तपासले' म्हणून खाली सही माझी आहे. त्यातला सात नंबर माझाच निघाला.

हा भाग लागणारा कारखान्यात मी एकटा, तोही वर्षातून एकदा, आम्हा यहुद्यांच्या किप्पूरच्या उपासाला. यंदा तो सोमवारी, २० तारखेला आहे. पेणच्या आमच्या प्रार्थनागृहात दहा पुरुष जमल्याखेरीज सामुदायिक प्रार्थना होत नाही. बाकी मंडळी इस्रायलला गेली. मला धरून दहा होतात.

किरकोळ रजा पत्नीच्या दुखण्यात संपली. न सांगता गेलो तर गैरहजेरी, आणि ती लिहिणाराही मीच. कागदी अर्ज नेला तर आपल्या विभागातील नमिताबाई म्हणाल्या, "कागद बंद झालाय, संगणकावर टाका." संगणक कक्षातला हरेश म्हणाला, "काका, वापर दाखवल्याशिवाय तो भाग चालू करता येत नाय." बंद भागाचा वापर दाखवायचा कसा, असे विचारले. "नियम हाय. मी काय करू?"

नमूद करणे भाग आहे की, पुरवठादाराने दाखवण्यापुरता टाकलेला 'नमुना कर्मचारी' मात्र चालू आहे; हरेश रोज सकाळी तोच उघडून यंत्र तपासतो. त्याची हजेरी पूर्ण, रजा शिल्लक अकरा. हे बोलून दाखवले तर हरेश हसला, "मग दहावा म्हणून त्यालाच न्या की पेणला!"

घरी हे सांगितले तर पत्नी रेबेका हसली नाही. "तुम्ही नाय गेलात तर नऊ जण एकमेकांची तोंडं बघून उठतील," एवढेच म्हणाली.

तरी क्रमांक सात एका दिवसापुरता चालू करावा. एकवीस तारखेला खुशाल बंद करावा. त्या यादीवरही मी सही करीन. पुढल्या वर्षी तो कोणाला लागेलच, असे मी लिहून देऊ शकत नाही.

आपला नम्र, अद्याप वापरात असलेला,
सायमन एलोजी झिराडकर
टाइम ऑफिस
६ सप्टेंबर १९९९

सोबत :
१. बंद घटकांची यादी, माझ्या सहीची.
२. पेणला येणाऱ्या पुरुषांची नावे. नऊ. दहावी ओळ कोरी ठेवली आहे.