डावा हात आणि पंप

शनिवार, संध्याकाळी

डावा हात अजून दुखून राह्यला, पण हसू काही थांबत नाही.

आज आमच्या पोलिसांच्या गोळीबाराच्या रेंजवर नवी पंपाची बंदूक तपासाची होती. हातात कशी बसते, मधातच अडकते का, हे पाहून आम्हाले बंदूक शिकवणारे उस्ताद शेरा देणार होते. ते मले म्हणाले, "दर गोळीनंतर डाव्या हातानं नळीखालचा पंप मागं-पुढं मार." पंपच ना! घाटंजीले कपाशीवर फवारणी करतच वाढली मी. उजव्या हातात नळी, डाव्या हातात दांडा, खचक-खचक. म्हटलं, आपल्याले कोण शिकवते!

पहिला बार मस्त उडाला. दुसऱ्याले बंदूक अडकली. मोकळी करून पुन्हा मारली, पुन्हा अडकली. उस्ताद वैतागले, "भंगार आहे, परत पाठवा." मले वाईट वाटलं, खांद्यात किती छान बसली होती. मंग हाताकडे लक्ष गेलं. डावा हात आपला फवारणीच्या तालात अर्ध्यातूनच परत फिरून राह्यलता! रिकामं काडतूस बाहेर पडंल कसं?

"थांबा उस्ताद, बंदूक चांगली आहे, माह्याच हातानं घोळ केला." मंग जोर लावून पंप पूर्ण मागं ओढला, पूर्ण पुढं ढकलला. धाड, धाड, धाड! बंदूक एकदाही अडकली नाही. उस्तादांनी तिथंच शेरा देला, "बंदूक पास."

घरी आल्यावर आईले फोन केला. म्हटलं, "आज पंप सारखा अडकून राह्यलता."

ती म्हणे, "मंग नोझल काढून फुंकाचं ना, बाई!"