धर्मराज बोराडे यांच्या सॅक्सोफोनवादनावरील शेरा मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. सदस्य सचिव,
जिल्हा कलावंत पडताळणी समिती,
जालना.

अर्जदार: कु. प्रांजली परमेश्वर बोराडे, इयत्ता दहावी, रा. टेंभुर्णी, ता. जाफ्राबाद, जि. जालना.

विषय: माझे आजोबा श्री. धर्मराज रायभान बोराडे (वय ७९) यांना वाद्य येत नाही असा जो शेरा दिला आहे, तो मागे घेणे.

संदर्भ: १) समितीचा शेरा, दि. १८ जुलै २०२५
२) माझे तीन अर्ज
३) समितीची खुलासा मागणारी नोटीस

महोदय,

सविनय लिहिते की हा माझा चौथा अर्ज आहे. पहिल्या अर्जाच्या वेळी मला फार उत्साह होता. सराव परीक्षेत पत्रलेखनाला पाचपैकी पाच मिळाले होते, त्यामुळे वाटलं एका अर्जात काम होईल. आता तसं वाटत नाही, पण लिहिणं थांबवणार नाही.

१. आजोबा लहानपणी मेंढरांमागे पावा वाजवत. सतराव्या वर्षी ते जालन्याच्या एका बँडमध्ये लागले. बँड लग्नासाठी सिकंदराबादला गेला, तेव्हा तिथल्या रेल्वेच्या हॉलमध्ये त्यांनी पेद्रू मास्तर नावाच्या गोव्याच्या वादकाचं जॅझ ऐकलं आणि ते बँडसोबत परत आलेच नाहीत. चार वर्षं त्या हॉलच्या खुर्च्या पुसल्या आणि सॅक्सोफोन शिकले. आल्यावर त्यांनी धनगरी ढोलावर सॅक्सोफोन चढवला. असं करणारा दुसरा माणूस मला तरी जिल्ह्यात सापडलेला नाही, मी विचारून विचारून दमले. जॅझमध्ये मूळ चाल थोडी वाजवतात आणि मग वादक त्याच क्षणी सुचेल तसं पुढे जातो आणि शेवटी मूळ चालीवर परत येतो. वाटूरला एका वरातीत ते असे पुढे गेले की नवरदेव घोड्यावरून उतरून रस्त्यावरच मांडी घालून बसला. मुलीचे वडील हात जोडून म्हणाले, "मास्तर, आता या की वापस, जेवणं थंड होऊ राह्यले." हे आजही तिथले लोक सांगतात.

२. आता चूक कुठे झाली ते. चूक माझी आहे. कलावंत म्हणून आजोबांचं नाव नोंदवण्याच्या अर्जात 'सादर करावयाची रचना, स्वरलिपीसह' असा रकाना होता. मी एका रविवारी आजोबांसमोर बसून ते वाजवत गेले तसं सा रे ग म मध्ये उतरवून घेतलं, चांगल्या अक्षरात, समासासकट, आणि जोडलं. पडताळणीच्या दिवशी तिन्ही सदस्यांच्या हातात माझा तो कागद होता आणि ते पेन्सिल फिरवत ऐकत होते. दोन ओळी जुळल्या. तिसरीला आजोबा निघून गेले, म्हणजे वाजवण्यात. सदस्य म्हणाले, "थांबा, कागदावर आहे तेच वाजवा." आजोबांनी परत वाजवलं, ते भलतंच निघालं. "परत एकदा." परत वेगळं. मी मागे उभी होते आणि मला त्या दिवशी सगळ्यात जास्त आवडलं ते तिसऱ्या वेळचं. सदस्यांनी लिहिलं: 'वादक स्वतःचीच रचना तीन वेळा वाजवूनही एकदाही बरोबर वाजवू शकले नाहीत. वाद्यज्ञान अपुरे. वयोमानाने विस्मरण.'

३. शेऱ्याविरुद्धच्या माझ्या पहिल्या अर्जानंतर आपल्या कार्यालयातील राधेश्यामकाकांनी सांगितलं की विस्मरण नाही असा दाखला आणा. आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी आजोबांना बारा महिने म्हणायला सांगितले. त्यांनी महिने म्हटले आणि वर १९७१ साली वाजवलेल्या बत्तीस लग्नांची गावं नवऱ्यांच्या नावांसकट सांगितली, तेव्हा डॉक्टरांनी 'स्मरणशक्ती उत्तम' असं लिहून दिलं. तो दाखला मी दुसऱ्या अर्जाला जोडला.

४. त्यावर आपली नोटीस आली. स्मरणशक्ती उत्तम असल्याने वादकाने तिन्ही वेळा मुद्दाम चुकीचे वाजवून समितीची दिशाभूल केली असे दिसते, तरी सात दिवसांत खुलासा करावा.

५. खुलासा मी आजोबांच्याच शब्दांत लिहून घेतला, कारण मला वाटलं की यापेक्षा सोपं कुणाला सांगता येणार नाही. तो असा: "मेंढरं घेऊन सकाळी घरून निघायचं. रोज त्याच वाटंनं गेलं तर चारा राहत न्हाई. म्हणून आज इकून, उद्या तिकून. अंधार पडायच्या आत मातर बराबर घरी यायचं. मी तिन्ही बार घरी आल्तो. साहेबांनी घर न्हाई पाह्यलं, निस्ती वाट पाह्यली." हा माझा तिसरा अर्ज होता. त्यात मेंढ्यांचा उल्लेख असल्यामुळे आपल्या कार्यालयाने तो जनावरांच्या दवाखान्याकडे पाठवला. तिथून मला फोन आला. मेंढ्या किती आणि लस टोचली का, असं विचारलं. मी म्हटलं, सर, आमच्याकडे आता एकही मेंढी नाही. ते म्हणाले, मग अर्ज कशाला केला? त्यांचं काही चुकलं नाही.

६. राधेश्यामकाका शेवटी म्हणाले, "बाई, आजोबाला सांग, एक बार कागदावरचं वाजवून मोकळा हो." मी घरी येऊन सांगितलं. आजोबा म्हणाले, "ते तूच वाजव. तुझं हाये ते." रागावून नाही म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

७. कारण खरी अडचण वेगळीच आहे आणि ती मी आतापर्यंतच्या एकाही अर्जात लिहिली नाही. शेरा आल्यापासून आजोबांनी सॅक्सोफोनची पेटी उघडलेली नाही. खुलाशात एवढं बोलले तेसुद्धा माझ्यासाठी. मी पेटी उघडली तर म्हणतात, "ऱ्हाऊ दे. शिक्का हाये त्या कागदावर. एवढे शिकलेले लोक, त्यांचं बराबरच आसंल. आपलंच कान खराब झालं आसंल." साठ वर्षांत लग्नातल्या दारुड्यांनी त्यांना काय काय म्हटलं, कुणी नोटा फेकून दुसरं गाणं मागितलं, तरी ते थांबले नव्हते. आपल्या अडीच ओळींनी थांबले.

आम्हाला मानधन नको. तो रकाना मी कोराच ठेवला होता. मला वर्गातल्या मुलींना दाखवायचं होतं की नोंदवहीत आजोबांचं नाव आहे, एवढंच.

तरी विनंती की शेऱ्यातील 'वाद्यज्ञान अपुरे' आणि 'विस्मरण' हे शब्द काढावेत. नियमात काढणे बसत नसेल तर त्याखाली एक ओळ वाढवावी: 'समितीने हे वादन पहिल्यांदाच ऐकले, ते कसे तपासावे हे समितीला माहीत नव्हते.' यात कुणाचा अपमान नाही. मलाही चार महिन्यांपूर्वी माहीत नव्हतं.

शेवटी एक गोष्ट सांगते. आजोबांना वाचता येत नाही. शेरा पोस्टाने आला तेव्हा त्यांना वाटलं मंजुरी आली. मलाही तसंच वाटलं, म्हणून मी ओट्यावर उभी राहून मोठ्याने वाचायला लागले आणि मधे थांबता आलं नाही. आता घरातले सगळे म्हणतात, "दुसरं काहीतरी वाचून दाखव, त्याला काय कळतंय." मी ते करणार नाही. ते समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत असतात. आपलं उत्तर येईल तेव्हा जे लिहिलं असेल तेच मी त्यांना वाचून दाखवणार आहे. तेवढं ध्यानात ठेवून लिहावे.

उत्तराची वाट पाहणारी,
प्रांजली परमेश्वर बोराडे

टेंभुर्णी
दि. २४ नोव्हेंबर २०२५

सोबत:
१) शेऱ्याची प्रत
२) डॉक्टरांचा दाखला
३) खुलासा (जनावरांच्या दवाखान्याच्या आवक शिक्क्यासह)
४) माझी स्वरलिपी (आपल्याकडेच आहे). ती कृपया परत करावी, मला ती फाडायची आहे.